डबे परत द्या

लासेम, ९ मार्च

चि. तेगुहला अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागले की रडू येतं, म्हणून हे पत्र. गावाच्या फेसबुकच्या पानावर कुणीतरी आपल्या घराचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय की ही चिनी बाई ईदेला मुसलमान शेजाऱ्यांकडे केक पाठवते, त्यात डुकराची चरबी असते. या लोकांना समुद्रापार हाकला. अरे, आपले पणजोबासुद्धा इथलेच. हाकलून जायचं कुठे?

त्याखाली हसरे चेहरे पाहिले आणि फोन पिठाच्या पिंपात टाकून दिला. ईदेची कढई मी वेगळी ठेवते, हे कुणाकुणाला सांगत फिरू? यंदा एकाही घरी माझा डबा जाणार नाही. तू म्हणतोस तसं घर विकून सुराबायालाच येते. तुझ्या बायकोला, वेनीला, खोली झाडून ठेवायला सांग.

आठवण काढत राहा.
तुझी थोरली बहीण, लानीचीक

सुराबाया, १५ मार्च

ती. लानीचीकला शि. सा. न. वि. वि.

वेनीने खोली कधीच तयार केली आहे. पण आधी फोन पिठातून काढ.

मी त्या माणसाशी तासभर भांडलो, नको नको ते लिहिलं. त्याला उलट चेवच चढला. वेनी म्हणाली, चिखलात दगड मारलास, आता शिंतोडे पूस. काहींनी फेसबुककडे तक्रार केली. बरेचसे वाचून गप्प बसले, आपल्या ओळखीचेसुद्धा. ते मला जास्त लागलं.

मग तुझ्या समोरच्या हाजीणबाई रोफिआंनी एक फोटो टाकला. त्यांच्या फळीवर तुझा निळा डबा. खाली लिहिलंय की लानीची ईदेची कढई मीच दिलेली, साखर माझ्याच दुकानातली, आणि गेल्या ईदेचा डबा अजून माझ्याकडे आहे. चरबीचं काय ते मला विचारा. त्यांच्यामागोमाग शाळेच्या बाई, कोळीण, मशिदीजवळचा शिंपी. ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात तुझा एकेक डबा. शिवी कुणी दिली नाही, नुसते डबे. ते बघ, मग काय ते ठरव.

डोक्यावरचा हात काढू नकोस.
तुझा तेगुह

लासेम, २४ मार्च

चि. तेगुहला आशीर्वाद, वेनीलाही.

चोर आहेत मेले सगळे. इतकी वर्षं मी डब्यांसाठी बिचाऱ्या मोलकरणीला बोल लावले. आयुष्यात पहिल्यांदा मीही त्या पानावर लिहिलं, की डबे परत द्या, नाहीतर ईदेचे केक काय ओंजळीत घालून आणू?

दुसऱ्या दिवसापासून रोजा सुटला की दारात रीघ. रिकामा डबा परत करायची आपल्याकडे रीत नाही, त्यामुळे नारळाच्या रश्शातली कोंबडी, तळलेले मासे, केळ्याची भजी. मी एकटी बाई, खाऊन खाऊन किती खाणार? रोफिआ दारातच रडली आणि डोळे पुसून माझ्या ओट्यावरच्या धुळीवरून मला बोलली. शिंपी खाली मान घालून म्हणाला, वाचलं त्याच दिवशी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, हो, हवं होतं. मग त्याला चहा दिला.

तो मजकूर अजून तिथेच आहे, हसरे चेहरेही. बाजारात कुणी रोखून पाहिलं की वाटतं, हा त्यांच्यातलाच असेल का? तरी कढई खाली काढलीय. सकाळपासून अंडी फेटतेय. हात भरून आलेत, पण बरं वाटतंय.

घर विकत नाही. सुराबायाला मात्र ईद झाली की येणार. भांडताना तुझ्या नावाशेजारी जो गोल फोटो दिसतो, तो मी मोठा करून पाहिला. तुझ्यामागच्या फळीवर आईचा लाल फुलांचा डबा आहे. भरून ठेव.

माया आहे तशीच राहू दे.
लानीचीक