डब्यातलं जग आणि दोन विहिणी

३ मार्च, मंगळवार

चालला! गेमचा सर्व्हर चालला!! चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी मी — आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर, कंटेनरमध्ये, आख्खं जग फिरतंय. ठोकळ्यांचं. डोंगर, नदी, मेंढ्या! नवरा बदलीच्या गावी, मी इकडे सासूबाईंसोबत. रोज फोनवर ‘जेवलास का’, ‘जेवलो’ यापुढे गाडी सरकत नव्हती. आता दोघं मिळून या गेममध्ये घर बांधणार.

सासूबाईंनी विचारलं, “कंटेनर म्हणजे?” म्हटलं, डबाच समजा. गेम त्यात बंद असतो, लॅपटॉपमधल्या बाकी सामानात सांडत नाही.

“मग गरम कशाला होतोय एवढा?”

मी लॅपटॉपखाली दोन पुस्तकं सरकवली.

५ मार्च

एक भिंत झाली. नवरा खिडकी ठेवायला विसरला. भांडलो. किती दिवसांनी भांडलो! मजा आली.

६ मार्च

सासूबाई म्हणाल्या, “माझ्याशी दोन मिनिटं बोलतो आणि तुझ्याबरोबर तासभर विटा रचतो. मलाही घे.” नाही कसं म्हणणार? टॅबलेट दिला. पहिल्याच दिवशी नदीत बुडाल्या, पुन्हा जन्मल्या, म्हणाल्या, “हे बरंय!”

८ मार्च, रविवार

आईकडे जाऊन आले. बाथरूममध्ये घसरली, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. एकटी. झाकणंसुद्धा दातांनी उघडते. पुन्हा म्हटलं, चल आमच्याकडे. “विहिणीच्या घरात? मुळीच नाही!”

कारण काय, तर सोफा. सासूबाईंनी नवीन घेतला तेव्हा ही म्हणाली, “दवाखान्यातल्यासारखा वाटतो.” त्या म्हणाल्या, “मग बसू नका.” झालं. वर्षभर दोघींत शब्द नाही.

निघताना पाय निघेना. तिचा वेळ जावा म्हणून फोनवर गेम टाकून दिला. सर्व्हर अर्थातच आमचाच, दुसरा कुठून आणू? नाव दिलं ‘चिमणी’. घरी काही बोलले नाही. जग मोठं आहे, कुठे भेटणारेत!

१० मार्च

सासूबाईंनी सगळ्या मेंढ्या गुलाबी रंगवल्या. “ओळखू यायला नकोत?” पण जगात दुसऱ्या कुणाच्या मेंढ्याच नाहीत हो! त्यातल्या पाच आमच्या घरात. नवरा कामावरून दमून आला, गेम उघडला, तर त्याच्या पलंगावर मेंढी.

११ मार्च

आईने आमच्या घराखालून बोगदा खणला. “डाव्या हाताने सरळ जाता येत नाही गं. आपोआप खालीच जातं.” सासूबाईंनी विचारलं, ही चिमणी कोण? म्हटलं, दुकानातली मैत्रीण. आईलाही मेंढ्यांवालीबद्दल हेच सांगितलं. माझं तोंड बहुधा गुलाबी झालं.

१३ मार्च

फुटलं बिंग!

संध्याकाळी मी आणि सासूबाई त्याच सोफ्यावर. एवढ्यात चिमणीचा मेसेज — “खड्ड्यात पडले. वर येता येत नाही. कोणी आहे का.” सासूबाई टॅबलेटवर लगबगीने त्या खड्ड्यापाशी गेल्या. आई लिहितच होती, “मुलीला सांगू नका, उगाच काळजी करेल. आणि तिच्या सासूला तर मुळीच नको. सोफेवाली.”

सासूबाईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मनातल्या मनात आईचं प्लास्टर, माझा संसार, सर्व्हर — सगळ्यावर पाणी सोडलं.

मग एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी लिहिलं — “विहीणबाई, हलू नका. शिडी लावते.”

पलीकडून आलं, “बरं.”

१५ मार्च

दोघी एक झाल्या. आमच्याविरुद्ध! आमचं स्वयंपाकघर पाडलं — “चुकीच्या बाजूला होतं.” आई बोगदे खणते, सासूबाई मागून दिवे लावत जातात. नवरा विचारतो, “आपलं घर कुठंय?” म्हटलं, गोठा झालाय. दारात पाटीही आहे.

१७ मार्च, मंगळवार

मेले.

गेमची नवी आवृत्ती आली. जुना कंटेनर काढून टाकला, नवा लावला. सुरू केला. बघते तर सपाट माळ! घर नाही, बोगदे नाहीत, एक गुलाबी केस नाही. जग त्या डब्याच्या आतच होतं, डब्याबरोबर गेलं. खरं तर जगाचा फोल्डर बाहेर लॅपटॉपवर ठेवायचा आणि कंटेनरला नुसता जोडायचा. शिकवणाऱ्याने व्हिडिओत दोनदा बजावलं होतं. नेमका तोच भाग मी पुढे ढकलला होता.

दुसरी प्रत? कसली प्रत!

आत्ता कुठे बोलायला लागल्या होत्या दोघी.

१८ मार्च

सांगितलं. सासूबाईंनी सरळ फोन उचलला आणि आईला लावला. वर्षात पहिल्यांदा! मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

“तुमच्या मुलीने काय केलंय माहितीये?... छे हो, माझी सून कसली! लेक तुमची!... नाही नाही, वळण तुमचंच!”

दोघी मला चेंडूसारखं टोलवत होत्या. मग सगळ्या मेंढ्यांची नावं घेऊन हळहळल्या. (नावं होती!) मग आवाज खाली आला. “हात कसा आहे? ... आणि केस कोण विंचरून देतं?” त्यानंतरचं ऐकू आलं नाही. सासूबाई फोन घेऊन खोलीत गेल्या होत्या.

१९ मार्च

नवं जग. फोल्डर बाहेर, शिवाय पेनड्राइव्हवर प्रत. दोघींनी स्वतंत्रपणे विचारून खात्री केली. आम्हा नवराबायकोला नदीपलीकडची जागा मिळाली आहे. स्वयंपाकघर कुठे काढायचं तेही ठरलंय. आम्हाला कळवण्यात आलं.

२१ मार्च, शनिवार

दुकानातून आले तर पॅसेजमध्ये दोन बॅगा. आत आई, ओले केस, सासूबाई विंचरतायत. म्हटलं, आई, तू? सांगायचंस, मी आले असते न्यायला!

“ह्या आल्या होत्या टॅक्सी घेऊन,” आई म्हणाली. “राहायला आलेय. तुझ्याकडे नाही हं — विहीणबाईंकडे.”