पडद्याबाहेर काढलेली बाई

अक्का,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला एकदाही अक्का म्हटलं नाही. वॉर्डातल्या सिस्टर, लिफ्टवाला, कँटीनमधला माणूस, सगळे म्हणायचे. मी नागपूरहून या कन्नड शहरात नुकती आलेली, मला ते फार घरगुती वाटायचं, म्हणून मी आपली मॅडमच म्हणत राहिले. आज मात्र 'मॅडम' लिहिलं आणि पुढे काही सुचेना. ते खोडलं.

तुमच्या स्वयंपाकघरातली रविवारची सकाळ मला अजून दिसते. आम्ही दोघी-तिघी शिकाऊ डॉक्टर जमिनीवर बसलेल्या, तुम्ही ओट्याशी उभ्या राहून तांदळाच्या पिठाची अक्की रोटी थापताय आणि पाठ आमच्याकडे ठेवूनच विचारताय, "हृदय थांबलं. कोणती कारणं अशी, की ती दूर केली तर ते परत चालू होईल? हं, सांगा." आम्ही पाढ्यासारखं म्हणायचो. रक्त गेलं असेल, ऑक्सिजन कमी पडला असेल, पोटॅशियम वर गेलं असेल नाहीतर खाली, अंग गार पडलं असेल, फुफ्फुसाबाहेर हवा कोंडली असेल, हृदयाभोवती पाणी साचलं असेल, गुठळी असेल, विष असेल. तुम्ही तव्यावरची रोटी उलटायचात आणि म्हणायचात, "पाठ आहे, सरी. पण यातलं काय झालंय ते पेशंटच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. कुणाला तरी विचारावं लागतं." तुमचं मराठी घराणं इथे कितव्या पिढीपासून आहे हे तुम्हालाही नीट सांगता येत नसे. तुमच्या मराठीत 'बरं'च्या जागी 'सरी' आणि 'जरा'च्या जागी 'स्वल्प' इतके मुरले होते, की हे शब्द कन्नड आहेत असं मी एकदा म्हटल्यावर तुम्ही खरंच चकित झालात.

आणि तो बांधकामावरचा मजूर. पडून बरगड्या मोडलेला, दोन दिवस वॉर्डात ठीक होता, तिसऱ्या दिवशी दुपारी अचानक त्याचं हृदय थांबलं. मी त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबतेय, घाम डोळ्यांत जातोय, आणि मला तुमचा राग येतोय, कारण तुम्ही आत येऊन खाटेच्या पायाशी नुसत्या उभ्या आहात. मग तुम्ही भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे वळलात. मी "यांना बाहेर न्या" म्हणाले, तर तुम्ही माझं बोलणं तोडलंत. "ती थांबेल. छाती दाबणारे हात पुष्कळ मिळतात. काय झालं ते तिने बघितलंय, तू नाही." ती बाई म्हणाली, खोकला आला, मग ही बाजू धरून धापा टाकायला लागला. तुम्ही दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावलात, एक सुई मागितलीत, कॉलरबोनच्या खाली खुपसलीत, आणि सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी हवा बाहेर आली. थोड्या वेळाने मानेतली नाडी माझ्या बोटांना लागली. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "आता तिला जाऊन सांग, तुझ्यामुळे कळलं म्हणून. आणि नातेवाइकाला बाहेर काढायचं असेल तर आधी एक प्रश्न विचारायचा, मग काढायचं." मी गेले, सांगितलं. तेव्हा मनातून मला ते नाटकी वाटलं होतं.

आता यंदाचं सांगते. सकाळी अकराच्या सुमाराला इथल्या शिवाजीनगरचा एक शिंपी बायकोबरोबर कॅज्युअल्टीत आला. पन्नाशीचा, पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट. छाती जड वाटते, पायांत बळ नाही, म्हणाला. ईसीजीच्या तारा लावायच्या आतच तो खाटेवर कलंडला. मॉनिटरवर रुंद, बेढब लाटा होत्या आणि नाडी नव्हती. त्या लाटा मी ओळखायला हव्या होत्या, अक्का, त्या मी दुसऱ्यांना शिकवते. पण पन्नाशीचा माणूस, छातीत जड, मी मनात हार्ट अटॅक लिहूनसुद्धा टाकला होता. त्याची बायको माझ्या कोपराला हात लावून म्हणत होती, "मेडम, ओंदु निमिष." एक मिनिट मागत होती ती. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "नंतर, अम्मा. सिस्टर, यांना बाहेर घ्या, पडदा ओढा." पडदा ओढताना ती पुन्हा एकदा तेच म्हणाली, थोड्या मोठ्याने.

सात मिनिटं आम्ही छाती दाबली, अ‍ॅड्रेनलिन दिलं, पुन्हा दाबली. मग फाइलसाठी नाव विचारायला बाहेर गेलेली सिस्टर धावत आत आली. "मॅडम, डायलिसिसचा पेशंट आहे. मुलीचा साखरपुडा होता म्हणून दोन वेळा गेले नाहीत. काल अशक्तपणा वाटला म्हणून शहाळी प्यायले, तीन-चार." शहाळं म्हणजे पोटॅशियम, आणि ते बाहेर काढणारं डायलिसिस चुकलेलं. मी त्याची डावी बाही वर सारली. दंडावर डायलिसिससाठी केलेली ती फुगलेली शीर दोरखंडासारखी पडलेली होती. सात मिनिटं ती एका सुती बाहीखाली होती. मग कॅल्शियम, सोडाबायकार्ब, इन्सुलिन आणि ग्लुकोज, सगळं भराभर गेलं. मॉनिटरवरच्या लाटा हळूहळू अरुंद झाल्या, नाडी आली. तासाभरात त्याला डायलिसिसला लावलं. तो वाचला. त्याच्या बायकोने माझे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले, आणि मी ते लावू दिले.

इथवर असतं तर कदाचित मी तुम्हाला हे लिहिलं नसतं. पुढच्या आठवड्यात आढावा बैठकीत विचारणा झाली, कॅल्शियमला इतका उशीर का. त्याच महिन्यात मला विभागप्रमुख करायचं घाटत होतं. मी खाली मान घालून कागदावर एक वाक्य लिहिलं. लिहिलं इंग्रजीत, पण अर्थ असा, की डायलिसिस चालू असल्याची माहिती नातेवाइकांनी वेळेवर दिली नाही. ती सिस्टर माझ्या समोरच बसली होती. तिने ते वाचलं, खाली सही केली आणि पेनचं टोपण लावत बसली. तिची नोकरी माझ्या हाताखाली आहे. तेच वाक्य पुढे डिस्चार्जच्या कागदात गेलं, तेही मीच तपासून सोडलं.

पाच महिन्यांनी ती बाई मला ओपीडीच्या दारात भेटली. तक्रार करायला आली नव्हती. तिने तो कागद पिशवीतून काढला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, "मेडम, मी नेमकं केव्हा सांगायला पाहिजे होतं? दारातच? परत असं झालं तर चुकायला नको, म्हणून विचारते." मुलाने तो कागद वाचल्यापासून तो तिच्याशी धड बोलत नाही, हेही तिने सांगितलं. साखरपुड्यासाठी डायलिसिस चुकवू या असं तीच म्हणाली होती, त्यात वर हे. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "अशा वेळी गोंधळ होतो, अम्मा. मनाला लावून घेऊ नका." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी शिवाजीनगरला गेले. बस स्टँडच्या मागची गल्ली, दोन मशिनं मावतील एवढं दुकान. शिंपी दाराशी खुर्चीवर बसला होता, माझ्याकडे बघून छान हसला, पण ओळखलं नाही. मेंदूला तेवढा वेळ रक्त कमी पडलं, त्यात त्याचं मापं लक्षात ठेवणं गेलं. आता तो कापड कापत नाही, बटणं लावतो. तीही बायकोने खुणा करून दिलेल्या जागी. बायको मशिनवर होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही, मी तुम्हाला बाहेर काढलं, आणि कागदावर खोटं लिहिलं. हिंदीत सांगितलं, मग मोडक्या कन्नडमध्ये परत, कारण माझी मलाच खात्री नव्हती, की तिला कळलंय.

तिने चाकावर हात ठेवून मशिन थांबवलं. मला वाटलं, रडेल, नाहीतर रागवेल. मग ती म्हणाली, "मी रोज विचार करते, ओरडायला पाहिजे होतं. मोठी माणसं होतात तुम्ही, म्हणून ओरडले नाही." पुढे म्हणाली, "हे लिहून द्याल? मी सांगितलं तर मुलगा ऐकायचा नाही. कागदावरचं त्याला खरं वाटतं." मी सरी म्हणाले. तिने मला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

या गोष्टीला आज अकरा दिवस झाले. त्यातले चार दिवस मी रोज कागद घेऊन बसले. लिहून दिलं तर तो कागद कुठे कुठे फिरेल, हॉस्पिटल काय म्हणेल, माझं पद राहील का, हा सगळा हिशेब मी केला. तुमच्यापाशी लपवून काय करू? आज पाचव्यांदा बसले, तर हे तुम्हाला लिहिलं गेलं. तुम्हाला ते पोचणार नाही हे मला ठाऊक आहे. मुलाला वाचता येईल असं लिहायचं तर ते कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत लिहायला हवं. मी मराठीत लिहायला बसले, कारण त्या गल्लीत किंवा माझ्या हॉस्पिटलात हे वाचून कुणाला काही कळणार नाही.