सात महिन्यांचा खुलासा

तीर्थस्वरूप आर्डिस मावशीस,

आर्लनचा नमस्कार, तोही मान खाली घालून. गुडघा काय म्हणतो? चर्चमधल्या कॉफीच्या गप्पांना जातेस ना? (गेलीस तर हे पत्र घरीच ठेव.)

मावशी, विमा कंपनी ज्यांची फी भरते त्या यादीत नाव चढेपर्यंत समुपदेशक असून मी नसल्यासारखा. शाळेची बस चालवणारी लव्हॉन, नवरा गेल्यापासून किल्ली फिरवताना तिचे हात कापतात. विम्याशिवाय तिला माझ्याकडं येणं परवडत नाही, म्हणून मार्चपासून ती फक्त दारात डोकावून विचारते, "लागलं का नाव?" आणि मी आपला अर्ज भरतोय. पदवी, परवाना, सहकाऱ्यांच्या शिफारशी (लेस्टरनं 'तसा बरा आहे' असं लिहिलं, आपल्याकडं मयतालाही याहून मोठी स्तुती मिळत नाही), सगळं झालं. घोडं अडलं ते एका रकान्यावर: कामात सहा महिन्यांहून मोठा खंड असल्यास खुलासा करा.

माझा सात महिन्यांचा. ते कुठं गेले ते तुला ठाऊक आहे. तुझ्या शिवणाच्या खोलीत मी डोक्यावर पांघरूण घेऊन पडलो होतो, आणि तू दाराशी ओव्हनमधल्या गरम हॉटडिशची ताटली ठेवून, काही न विचारता, ती तशीच परत नेत होतीस. मन आजारी पडलं तर लाजू नका, असं मी लोकांना दिवसभर सांगतो. स्वतःवर आल्यावर लिहिलं, "मावशीला तीव्र नैराश्य. अंथरूण सोडीना. सेवेसाठी रजा." लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. फार लाज वाटते गं.

कंपनीच्या प्रूइट बाईंचा लगेच फोन. "असे भाचे राहिलेत कुठं हल्ली? खातरजमेपुरता मावशींचा नंबर द्या." कौतुकाच्या भरात देऊन बसलो.

तुझा, न शोभणारा भाचा,
आर्लन

ता. क. बाई गुरुवारी फोन करतील. तू आजारी होतीस एवढंच म्हण. आवाज जरा बारीक ठेव.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच लव्हॉन आली. म्हणाली, "आर्लन, हात कापतात ते विमावाल्यांना नाही सांगितलं तर चालेल ना? लोक काय म्हणतील?" ती गेल्यावर मी पत्र पुन्हा बाहेर काढलं. तेव्हा वरचं ता. क. वाचू नकोस. बाईंना खरं काय ते सांग. मीच सांगितलं असतं, पण त्या माझं फार कौतुक करतात.