ताईसाठी नऊ किलो

५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रक्तगट जुळला. लिव्हरचा तुकडा द्यायला मी हक्काचा माणूस ठरलो आणि तिथेच घोडं अडलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्याच लिव्हरमध्ये चरबी आहे, असलं लिव्हर बहिणीला देता येत नाही. मी दारूला कधी शिवलो नाही, मग ही आली कुठून, असं विचारलं तर त्यांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. नऊ किलो उतरवायचे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. त्याहून जास्त थांबणं तुला परवडणार नाही, हेही बजावलं. ताई, मी उतरवतोच बघ. कालपासून साखर बंद, संध्याकाळी तासभर चालणं सुरू. बेकरीतली माणसं हसतायत, हसू देत.

तुझा,
ढब्बू

१४ जानेवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रानं मला दोन घास जास्त गेले. पण मी शिंपीण आहे, माझा काट्यावर भरवसा नाही. दर आठवड्याला बेंबीवरून फीत लावून कमरेचं माप कळव. श्वास रोखून घेतलंस तर मला इथे बसून कळेल, लहानपणापासून तुझे कपडे मीच शिवलेत. आणि उपाशी राहून चक्कर आणू नकोस. भट्टीसमोर पडलास तर दोघांचंही भलं व्हायचं.

तुझी,
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिल्या तीन आठवड्यांत तीन किलो गेले, मी हवेत होतो. त्यानंतर काटा हलेना. कमरही अडतीसवर अडून बसलीय. आहारतज्ज्ञ बाईंनी खाल्लेलं सगळं वहीत लिहायला लावलंय. सकाळी दोन अंडी, दुपारी डाळ आणि वाटीभर भात, रात्री भाज्या. बाई वही वाचून चक्रावल्या. बेकरीत तर मी काहीच खात नाही, प्रत्येक भट्टीतला माल निघाला की चव तेवढी बघतो. ताई, मला भीती वाटायला लागलीय.

तुझा,
ढब्बू

१९ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, दिवसाला तुझ्या अकरा भट्ट्या निघतात. पावाचा कडेचा तुकडा, केकचा कोपरा, एखादं बिस्कीट, असं अकरा वेळा पोटात गेलं की त्याचं काय होतं? ते वहीत कुठंय? आपले बाबाही असंच चाखायचे आणि मी जेवलोच नाही म्हणायचे. आजपासून चव बघायचं काम तुझ्या बायकोकडे दे. मला जगायचंय रे, म्हणून इतकी रागावतेय.

तुझी,
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईघाईत लिहितोय, अक्षर समजून घे. साडेनऊ किलो गेले. कंबर चौतीस, श्वास न रोखता. काल तपासणी झाली आणि डॉक्टरांनी पडद्यावर मला दाखवलं, चरबी जवळजवळ गेलीय. मी पात्र ठरलो. मी त्यांचा हात इतका वेळ हलवत राहिलो की शेवटी नर्सनं सोडवला. चव बघायचं खातं हिच्याकडे गेल्यापासून कळलं की इतकी वर्षं माझ्या पावात मीठ कमी होतं. गिऱ्हाईकही तेच म्हणतंय. ऑपरेशन चोवीस तारखेला. दोन दिवस आधी तुला न्यायला येतो. माझं लिव्हर काही महिन्यांत पुन्हा वाढतं म्हणे, तेव्हा संकोच करू नकोस.

तुझा,
ढब्बू

१५ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं.

एक सांगायचं राहिलंय. गेलं वर्षभर मी पुढच्या आठवड्यापलीकडचं शिवण घेतलं नव्हतं. कुणाचं कापड अर्धवट राहायला नको म्हणून. काल एक मुलगी आली, तिचं लग्न डिसेंबरात आहे. मी तिचं माप घेतलं आणि कापड ठेवून घेतलं.

माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
ताई