गुडघ्याविषयी मी दिलेलं उत्तर

मी, क्लिफर्ड ऑर्मरॉड, वय वर्षे चौऱ्याऐंशी, राहणार १४, किल्न स्ट्रीट, ब्रॅकनशॉ, लँकेशर, पूर्वीचा धंदा ब्रॅकनशॉ ॲथलेटिक या फुटबॉल क्लबसाठी खेळाडू हेरणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. छाती तशी नाही, पण छातीचा बुद्धीशी संबंध नाही असं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला फारसं कोणी उरलेलंही नाही. यापूर्वी २००३ साली केलेलं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्यात एक खोटं तसंच राहू दिलं होतं.

माझ्या पश्चात या कागदाची अंमलबजावणी वकीलबाई मिस बीट्रिस लोव्ह यांनी करावी. कायद्याच्या भाषेत लिहा, असं त्यांनी बजावलं आहे. जमेल तेवढं लिहितो. दमलो की माझ्या भाषेत लिहीन.

कलम १. वर नमूद केलेलं घर, परसातल्या खोपटासह, माझी एकुलती एक मुलगी हिलरी हिला द्यावं. तिला ते नको आहे हे मला ठाऊक आहे. मागच्या ईस्टरला आली तेव्हा भिंतीवर हात फिरवून म्हणाली, "बाबा, ही ओल नाही. घराला घाम फुटलाय." तिनं ते खुशाल विकावं. मात्र परसातली शिडी शेजारच्या १६ नंबरच्या मिस्टर हॅलम यांना देऊ नये. १९८६ साली त्यांनी ती दोन दिवसांसाठी नेली होती आणि मी नऊ महिन्यांनी स्वतः जाऊन आणली. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते मागायला येतील.

कलम २. अंत्यविधीचा खर्च वजा जाता बँकेत जे उरेल ते, माझी पत्नी ॲग्नेस शेवटचे अकरा दिवस जिथे होती त्या शुश्रूषागृहाला द्यावं. हिलरीशी बोलणं झालं आहे. शवपेटीवर क्लबचा गळपट्टा टाकू नये. त्या रंगासाठी तीस वर्षं दुसऱ्यांच्या मैदानांवर भिजलो, एवढं पुरे.

कलम ३. माझ्या वडिलांचे रंधे, पटाश्या आणि हातोड्या टॉर्बन क्यार याला द्याव्यात. ब्रॅकनशॉमध्ये टॉर्बन कोण हे कुणाला सांगावं लागत नाही, पण वकीलबाई प्रेस्टनच्या आहेत म्हणून सांगतो. १९९८ च्या उन्हाळ्यात क्लबनं त्याला डेन्मार्कमधून नव्वद लाख पौंडांना आणलं. एवढी किंमत आमच्या क्लबनं त्याआधी कुणासाठी मोजली नव्हती. चोवीस वर्षांचा, आघाडीवर खेळणारा पोरगा. तो आमच्यासाठी उणेपुरे आठ सामने खेळला. आज तो पन्नास वर्षांचा आहे, आमच्याच गावच्या मुलीशी लग्न करून इथेच राहिला आहे आणि दारं-खिडक्या करतो. माझ्या जिन्याचा कठडा त्यानंच बसवला. एक आड एक मंगळवारी तो मला इस्पितळात नेतो. कधी पैसे घेत नाही.

"क्लिफ, सगळ्या गावात माझ्या बाजूनं बोललेला तुम्ही एकटे," असं तो म्हणत असे. मी गाडीच्या काचेतून बाहेर बघत असे.

कलम ४. माझ्याकडे एक्केचाळीस वह्या आहेत. पाहिलेल्या प्रत्येक खेळाडूची नोंद त्यांत आहे. गेल्या ऑगस्टात क्लबच्या प्रसिद्धी खात्यातली एक तरुण बाई त्या मागायला आली. दोन पायऱ्या खाली घसरलेला आणि मग पुन्हा वर चढलेला आमचा क्लब सव्वीस वर्षांनी यंदा युरोपातल्या स्पर्धेत खेळणार, म्हणून सगळं गाव हरखलं आहे. नव्या मालकानं एका उन्हाळ्यात नऊ खेळाडू विकत घेतले.

"मिस्टर ऑर्मरॉड, तुमच्या वह्या आम्हाला काचेच्या कपाटात ठेवायच्यात," ती म्हणाली. "वर पाटी लावणार. 'नको म्हणणारा माणूस.'"

"मी कुणाला नको म्हणालो?"

"असं काय करता! टॉर्बन क्यारला. तुम्ही बजावलं होतंत आणि मॅनेजरनं ऐकलं नाही. माझे आजोबासुद्धा हेच सांगतात."

मी तिला चहा दिला. यंदा युरोपात आपलं कसं होईल, असं तिनं विचारलं. हा प्रश्न मला सध्या खाटकाच्या दुकानापासून चर्चच्या पायरीपर्यंत सगळे विचारतात, म्हणून उत्तर इथेच देऊन ठेवतो. इंग्लंडचे क्लब सगळ्या युरोपात सगळ्यात जास्त पैसे ओततात आणि मार्च आला की धापा टाकतात. आपल्याकडे शनिवारी खेळायचं, मंगळवारी खेळायचं, नाताळातही खेळायचं. नऊ नवी माणसं एकमेकांची नावं शिकेपर्यंत पानगळ संपते. तिकडे एखादा गरीब क्लब तेच अकरा जण चार वर्षं सांभाळतो. कोण कुठे धावेल ते त्यांना न बघता कळतं. मोठ्या क्लबांचं पैशाच्या जोरावर निभतं. आमच्यासारख्यांचं दुसऱ्या फेरीपर्यंत जाईल. मी तिला एवढंच म्हणालो, "बघू या."

वह्या तिला दिल्या नाहीत. कारण पुढच्या कलमात.

कलम ५. हे कलम म्हणजे कबुलीजबाब समजावा. मिस लोव्ह यांचं म्हणणं, मृत्युपत्रात याची गरज नाही. मला आहे.

१९९८ साली आमच्या क्लबचा मॅनेजर जेरल्ड थ्वेट होता. आम्ही दोघं एकाच शाळेतले, तो माझ्यामागे पाच वर्षं. आदल्या मोसमात त्यानं संघाला प्रथमच युरोपात नेलं होतं आणि त्याला पुढे खेळणारा एक माणूस हवा होता. मी टॉर्बनला तीनदा पाहून आलो. तिसऱ्या खेपेला तो मला आपल्या आईकडे जेवायला घेऊन गेला. डुकराचं मांस, बटाटे, लाल कोबी. जेवण झाल्यावर माउली भांडी घेऊन आत गेली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "मिस्टर ऑर्मरॉड, माझा डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. चढताना नाही. तुमच्या लोकांना सांगा. नंतर भानगड नको."

असं सांगणारा खेळाडू मी त्याआधी पाहिला नव्हता. परतताना बोटीवर मी ते अडतिसाव्या वहीत लिहिलं. क्लबला दिलेल्या अहवालात लिहिलं नाही.

खरेदीची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती. तीनच्या सुमारास जेरल्डचा फोन आला. मी इथेच, याच टेबलाशी होतो. ॲग्नेस ओट्याशी वाटाणे सोलत होती.

"डॉक्टर म्हणतो ठीक आहे," जेरल्ड म्हणाला. "पण डॉक्टरनं त्याला बसलेला पाहिलाय, तू पळताना पाहिलायस. कागद राहू दे, तोंडी सांग. पायाचं काही आहे का?"

"काही नाही."

"गुडघे?"

"काही नाही म्हटलं ना."

"मग करतो सही," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

का? गेली सव्वीस वर्षं स्वतःला विचारतो आहे. पैसे मिळणार नव्हते, कुणी धमकावलं नव्हतं. तोवर माझ्या शब्दावर क्लबनं घेतलेला सगळ्यात महाग माणूस म्हणजे चाळीस हजारांचा एक गोलकीपर. क्लबनं नव्वद लाख टाकले आणि माणूस क्लिफ ऑर्मरॉडनं शोधला, असं एकदा तरी लोकांनी म्हणावं, असं मला वाटलं. आणि कदाचित गुडघा टिकेलही, असंही वाटलं. इतकंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

सप्टेंबरात हंगेरीत सामना होता. मी प्रेक्षकांत होतो. मध्यंतर होऊन दोनच मिनिटं झाली असतील. टॉर्बननं वळण्यासाठी डावा पाय रोवला आणि तो खाली बसला. त्याच्या आसपास कुणीही नव्हतं. आम्ही हरलो, युरोप संपलं. त्याचा गुडघा पुन्हा खेळण्याजोगा झालाच नाही.

इस्पितळात एका वार्ताहराला टॉर्बन म्हणाला, "मी त्यांच्या पारख्याला आधीच सांगितलं होतं." झालं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की पारख्यानं, म्हणजे मी, बजावलं आणि मॅनेजरनं धुडकावलं. वार्ताहर माझ्या दारात आले. "मला काही बोलायचं नाही," एवढंच मी म्हणालो. त्यालाही लोकांनी माझा मोठेपणा मानलं. टॉर्बननंही तसंच मानलं.

नोव्हेंबरात जेरल्डला काढून टाकलं. तो एकदा माझ्या फाटकाशी आला. आत आला नाही.

"मी फोनवर काय विचारलं होतं, आठवतं तुला?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणाला, आणि गेला. त्यानंतर त्याला कुणी संघ दिला नाही. मोरकॅमला समुद्राकाठी शाळेच्या पोरांना व्यायाम शिकवून त्यानं दिवस काढले. इकडे लोक मला बिअर पाजत राहिले. मी पीत राहिलो.

कलम ६. अडतिसावी वही जेरल्ड थ्वेट याला द्यावी, असं मी गेल्या महिन्यात इथे लिहिलं होतं. ते खोडलं आहे. का, ते सांगतो.

हे सगळं लिहून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मंगळवार होता. टॉर्बन न्यायला आला. मी म्हटलं, इस्पितळ राहू दे, बस. कलम पाच वाचून दाखवलं. तो उभाच राहिला. वाचून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे हे मी तुम्ही मेल्यावर ऐकायचं होतं?"

"तसं ठरवलं होतं."

"आणि जेरल्डनं? तो ऐंशीला टेकलाय. तो तुमच्या आधी गेला तर?"

मी कागदाची घडी केली.

"पंचवीस वर्षं त्या माणसाला पाहिलं की मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचो," टॉर्बन म्हणाला. "माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्यानं भेट पाठवली, ती न उघडता परत केली. तुमच्यासाठी, क्लिफ. तुमच्या बाजूनं." पुढचं तो डॅनिशमध्ये बोलला. ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. मग त्यानं खुंटीवरचा माझा कोट काढून माझ्या अंगावर फेकला. "चला."

त्यानं गाडी थेट मोरकॅमला नेली. जेरल्डनं दार उघडलं तेव्हा त्याच्या खांद्यावर भांडी पुसायचं फडकं होतं. मी उंबऱ्यावरच म्हणालो, "जेरल्ड, तू विचारलं होतंस आणि मी खोटं बोललो. मला आठवत होतं."

"आत या," तो म्हणाला. "दार उघडं राहिलं की मांजर पळतं."

त्यानं चहा केला. साखर किती, हेही विचारलं. मग खुर्चीत टेकून म्हणाला, "मला माहीत आहे. ॲग्नेसनं त्याच नाताळात कळवलं होतं. ती तिथेच होती ना, ओट्याशी."

माझ्या बायकोनं मला हे मरेपर्यंत सांगितलं नाही.

"मग बोललात का नाही?" टॉर्बननं विचारलं.

"कुणाला? एकाच्या जागी दोघं बुडालो असतो. मला नोकरी परत थोडीच मिळणार होती." तो माझ्याकडे वळला. "तू येशील असं वाटायचं. पहिली दोन वर्षं वाटत होतं. मग सवय झाली."

टॉर्बन म्हणाला, "तुमची भेट मी परत पाठवली होती."

"चांदीचा चमचा होता. मांजराचं औषध मोजायला बरा पडतो." जेरल्डनं त्याच्या पायाकडे पाहिलं. "गुडघा कसा आहे तुझा?"

"जिना उतरताना दुखतो."

"हे मी तेव्हा तुलाच विचारायला हवं होतं," जेरल्ड म्हणाला. "तू माझ्यासमोर बसला होतास, आणि मी फोनवर याला विचारत होतो."

परत येताना टॉर्बननं मला एक अट घातली, ती मी पाळली. कलम पाच मी आमच्या साप्ताहिकाला पत्र म्हणून पाठवलं आणि त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. तेव्हापासून खाटीक मला मांस तोलून देतो, बोलत नाही. क्लबच्या बाईचा फोन आला नाही. हिलरी फोनवर म्हणाली, "आईला किती जड गेलं असेल." टॉर्बन मंगळवारी येतो, पण गाडीत रेडिओ लावून ठेवतो. मी त्याला बंद कर म्हणत नाही. कलम ३ कायम आहे. रंधे तो घेईल की नाही, ते त्यानं ठरवावं.

कलम ७. मिस लोव्ह यांनी सांगितलं की सहीला दोन साक्षीदार लागतात आणि या कागदान्वये ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार होऊ नये. मी जेरल्डला फोन करून म्हटलं, तुला वही ठेवली आहे.

"मला वही नको," तो म्हणाला. "काढून टाक माझं नाव."

"रागावलास?"

"अरे, वही घेतली तर मला साक्षीदार होता येणार नाही. कागद घेऊन इकडे ये. या खेपेला तू सही करताना मी समोर बसून बघणार."

म्हणून सर्व एक्केचाळीस वह्या गावच्या वाचनालयाला द्याव्यात, आणि मागेल त्याला अडतिसावी वाचू द्यावी. जेरल्ड थ्वेट याला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही.

वरील मजकूर मी वाचला. तो माझा आहे. खाली नमूद केलेल्या दोघांच्या समक्ष, त्यांच्यापैकी एकाच्या घरी, चष्मा लावून सही करीत आहे.

(सही) क्लिफर्ड ऑर्मरॉड

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली. त्याआधी आम्ही त्यांना विचारलं की यात लिहिलेलं सगळं खरं आहे का. ते हो म्हणाले.

साक्षीदार १: (सही) जेरल्ड थ्वेट, निवृत्त फुटबॉल मॅनेजर, मोरकॅम
साक्षीदार २: (सही) फिलिस क्रॉली, शेजारीण, निवृत्त परिचारिका, मोरकॅम

ठिकाण: मोरकॅम, लँकेशर
दिनांक: ३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार