रजिस्टरातलं ताईचं नाव

बेसा, रविवार संध्याकाळ

गोपिकाताई,

पारशिवनीले तुझ्या दारात पोलीस येऊ शकतात, आणि त्याले कारण मी आहो.

रिटायर झाल्यापासून मी घरी मोरचुदाचे निळे स्फटिक बनवतो, तुले ठाऊकच आहे. त्याले ॲसिड लागते. ते आता आधार कार्ड दाखवून, रजिस्टरात कारण लिहूनच भेटते. गेल्या महिन्यात लकडगंजचा दुकानदार म्हणाला, "काका, तुमच्या नावानं दोनदा झालं. आता दिलं तर मलेच विचारतीन." गॅसच्या कामासाठी तू दिलेली तुझ्या आधारची झेरॉक्स माझ्या पिशवीत होती. मी तीच दिली. कारण 'शौक' लिहिलं तर कोणी मानत नाही, म्हणून 'संडास सफाई' लिहिलं.

आज त्याचा फोन आला. पोलीस रजिस्टर घेऊन गेले, एकेक पत्ता तपासून राहिले. तेव्हापासून जिन्यात पाय वाजला की उठून दाराची कडी पाहतो. काचेचे फ्लास्क गोधडीत गुंडाळून फोडले. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस वर्षं असेच फ्लास्क धुतले वं ताई, तेव्हा कोणाले भ्यालो नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुले काही माहीतच नसलं तर तू खरं सांगून सुटशीन, असं सकाळपासून मनाले समजावून राहिलो. पण खरं वेगळंच आहे. तुले कळलं तर तू त्यायले म्हणशीन, "ॲसिड मीच आणलं, लिहून घ्या."

आणि मी तुले म्हणू देईन.

तुझ्या पाठचा,
ताराचंद