परिशिष्ट ब

१८ नोव्हेंबर १९८५, सोमवार. पहाटे ५
झोप नाही. ठरलं, आजपासून कायदा लिहायचा. आमदारसाहेब वरोऱ्याच्या सभेत म्हणालेच होते, सूचना पाठवा. नागपूर अधिवेशनाला वेळ आहे. कलम १: लस टोचणीचं कार्ड नसेल तर पोराचं नाव पहिलीत घालायचं नाही. गेल्या साली गोवराने गावातली चार पोरं नेली. आता बस्स. पोस्टात एकतीस वर्षं काढली, एक टपाल चुकलं नाही. कायदा काय कठीण!

२० नोव्हेंबर
पुरावा हवा. घरोघर फिरून टोचणीची कार्डं आणली. सत्तावीस. फाइलला टाचली. परिशिष्ट अ. एका जागी बसवत नाही. चहा पाच वेळा.

२३ नोव्हेंबर
कुंताबाई आली. तिच्या नवऱ्याला, खुशालला, उन्हाळ्यात तलावाच्या मासोळीवरून तिच्यादेखत कुऱ्हाडीने मारलं. मारणारा जामिनावर सुटला, हे तिला तो बाजारात समोर आला तेव्हा कळलं. माझं रक्त उसळलं. तिथल्या तिथे कलम २: ज्या घरचा माणूस खुनात गेला, त्या घराला कोर्टाची प्रत्येक तारीख आधी कळवलीच पाहिजे. तिला वाचून दाखवलं. रडली. मलाही आवरलं नाही.

२८ नोव्हेंबर
कुंताबाईकडे पोलीस कोर्टाचा कागद देऊन गेला. तिला वाचता येत नाही, म्हणून माझ्याकडे आणला. मी नेमका कायद्याच्या उद्दिष्टांचा परिच्छेद लिहीत होतो. म्हटलं, ठेवून जा, वाचून सांगतो. कलम २ ला पुरावा नव्हताच. टाचला. परिशिष्ट ब.

४ डिसेंबर, बुधवार
नर्स गोकुळाबाई दुसऱ्या डोसला आली. कार्डं माझ्याकडे, त्यामुळे कोणाला काय टोचायचं ते तिला कळेना. बाया पोरं घेऊन घरी गेल्या. तिला समजावलं, फाइल आता मोडता येत नाही. ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. बायकोनेही अबोला धरला आहे. मोठ्या कामात गैरसमज होतातच.

७ डिसेंबर
कुंताबाई दोनदा येऊन गेली. आतूनच सांगितलं, काम चालू आहे.

१० डिसेंबर. नागपूर
तीन तास बसलो. साहेब मीटिंगमध्ये. पीए फाइल न उघडताच म्हणाला, मुदत संपली, पुढच्या अधिवेशनात बघू. म्हणजे तत्त्वतः मान्य!

१७ डिसेंबर. दुपार
कुंताबाईच्या नावाने वॉरंट आलं. साक्षीला हजर राहिली नाही म्हणून. फाइल उघडली. परिशिष्ट ब. तारीख ९ डिसेंबर, सकाळी अकरा. नऊला सकाळी मी फाइलला नवी नाडी बांधत होतो.

ती रागावलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "वामनभाऊ, कागद तं तुमच्याजवळच होता नं. मी तुमचीच वाट पाहून राह्यली होती."

नवी तारीख २ जानेवारी. ती मला विचारायला आली नव्हती. वॉरंट गोकुळाबाईकडून वाचून घेऊन आली होती, आणि माझ्या हातात दिलं नाही. जुना कागद मात्र मागून घेतला.

संध्याकाळ
टाचण्या काढतो आहे. सत्तावीस कार्डं घरोघर पोचवायची आहेत. सगळ्यात वरचं कुंताबाईच्या पोरीचं.